श्रावणात पनीर का टिकेना? खाद्य लेपाचं एक प्रकरण

गोरेगाव पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात म्हशीच्या दुधाचं पनीर तयार होतं. दूध उपनगरातल्या तबेल्यांतून येतं आणि पनीर २०० ग्रॅमच्या पाकिटांत बोरिवलीपासून दादरपर्यंतच्या डेअऱ्यांत आणि किराणा दुकानांत जातं. मालक, त्यांचा पुतण्या आणि हाताखालची मोजकी माणसं एवढाच पसारा. वर्षभर धंदा बरा चालतो. आषाढ सरत आला की मागणी चढते, कारण श्रावण पाळणारी घरं पनीराकडे वळतात. नेमक्या त्याच आठवड्यांत दुकानदारांकडून परत येणारा मालही वाढतो. पाकिटावर सात दिवसांची मुदत छापलेली असते, पण चौथ्या-पाचव्या दिवशीच पनीर बोटाला बुळबुळीत लागतं, कडा पिवळसर दिसतात आणि कुबट वास येतो. काही पाकिटांत, जिथे प्लास्टिक पनीरापासून सुटं राहिलेलं असतं तिथे, बुरशीचे ठिपकेही दिसतात.

पुतण्या अन्नतंत्रज्ञान शिकतो. त्याने जंतुरोधक खाद्य फिल्मबद्दल वाचलं होतं. पदार्थावर खाता येईल असा पातळ थर द्यायचा आणि त्यातच जंतूंना आवर घालणारा घटक मिसळायचा. काकांना त्याने हे पटवलं आणि दोघांनी मला सल्ल्यासाठी बोलावलं. काकांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, हे लावलं तर सात दिवस निघतील का? खर्चाचं मी बघतो."

पुतण्याची कल्पना मुळात चुकीची नव्हती, उलट पनीराला ती चांगली लागू पडते. दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून मग फाडलं जातं, त्यामुळे ताजं पनीर आतून बरंचसं स्वच्छ असतं. उष्णतेला दाद न देणारे काही बीजाणू, म्हणजे जिवाणूंची सुप्त आणि चिवट रूपं, उरतात, एवढंच. पुढची लागण बाहेरून होते. दाबायचं फडकं, कापायची सुरी, थंड पाण्याची टाकी, हात, पाकीट, सगळं पृष्ठभागाला लागतं. त्यात पनीरात पाणी भरपूर आणि आम्लता सौम्य, म्हणजे जंतूंना हवं ते सगळं तिथे हजर. १० अंशांवर ठेवलेलं पनीर साधारण सहा दिवस टिकतं आणि ताजेपणा त्याआधीच जातो, हे दुग्धतंत्राचं जुनं निरीक्षण आहे.

आता वडीचं माप घ्या. १० सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि ३ जाड अशी वडी धरली तर तिचं आकारमान २१० घन सेंटिमीटर होतं आणि पृष्ठभाग २४२ चौरस सेंटिमीटर. वरचा अर्धा मिलिमीटर थर वेगळा काढला तर तो जेमतेम १२ घन सेंटिमीटर भरतो, म्हणजे सगळ्या पनीराच्या सहा टक्क्यांच्या आत. भांडण त्या सहा टक्क्यांत चाललेलं असताना परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारा घटक, सगळ्या दुधात कालवण्यात अर्थ नाही. नुसतं परिरक्षकाच्या पाण्यात बुडवून काढलं तर ते हळूहळू आत झिरपतं आणि पृष्ठभागावर विरळ होतं. लेप ते बाहेरच्या थरात धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडतो. या तंत्राची खरी किंमत इथे आहे, आणि म्हणूनच मी हे काम आनंदाने घेतलं.

पुतण्याने सुरुवात निसिनपासून केली होती. निसिन हे दुधात वाढणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूने बनवलेलं छोटं प्रथिन. चीजमध्ये ते अनेक दशकं वापरात आहे. त्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत निसिन घातलेल्या फिल्मच्या चकत्या जंतू पसरलेल्या बशीत ठेवल्या आणि चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं. फोटो खरोखर देखणे होते. पनीराला मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. लेप दिलेलं आणि साधं पनीर एकाच दिवशी बुळबुळीत झालं.

कारण बशीतला जंतू आणि पनीरावरचा जंतू वेगळ्या जातकुळीचे होते. पेशीच्या आवरणावरून जिवाणूंचे दोन मोठे गट पडतात, ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह. निसिन ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या पटलाला भोकं पाडतं. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं आणि ते निसिनला आत शिरू देत नाही. यीस्ट आणि बुरशीवर तर त्याचा परिणामच होत नाही. थंडीतही वाढणारे, चिकट थर आणि कुबट वास निर्माण करणारे जिवाणू बहुतेक वेळा स्यूडोमोनास गटातले, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह असतात. आम्ही खराब झालेल्या पाकिटांतले नमुने तपासून घेतले तेव्हा तेच पुढे आलं. लेपात काय घालायचं हे ठरवण्याआधी माल कशाने बिघडतो आहे ते पाहावं लागतं. बशीतलं वर्तुळ हे पदार्थाच्या टिकाऊपणाचं माप नव्हे. त्या वर्तुळाच्या जोरावर फिल्म विकणारे पुरवठादार भेटतात, म्हणून हे ठासून सांगते.

दुसरा पर्याय कायटोसानचा. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून ते तयार करतात. सौम्य आम्लात विरघळतं, स्वच्छ फिल्म बनते, आणि त्याच्या धनभारित रेणूंमुळे जिवाणूंच्या ऋणभारित पृष्ठभागावर ते स्वतःच मारा करतं, वेगळं औषध घालायला नको. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवरही त्याचा प्रभाव दिसतो. पुतण्या हरखला होता. ससून डॉकवर सोलल्या जाणाऱ्या कोळंबीची टरफलं फुकट जातात, त्यांतून मुंबईच्याच पनीराचं रक्षण होईल, असं त्याचं म्हणणं. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. माशांच्या पाकिटांसाठी कोणी विचारलं तर मी तीच सुचवेन आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या जाणकारांचा सल्ला घ्यायला सांगेन.

पण पनीरावर? लेप खाल्ला जातो, तेव्हा तो पदार्थाचाच भाग ठरतो. आपल्याकडच्या नियमांत दूध, मध यांसारखे अपवाद सोडले तर प्राणिजन्य घटक असलेला पदार्थ शाकाहारी चिन्ह लावू शकत नाही. सागरी प्राणी त्यात स्पष्टपणे येतात. २०२० च्या लेबल नियमांनुसार मांसाहारी चिन्ह म्हणजे तपकिरी त्रिकोण. शिवाय कवचधारी जलचर हे ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहेत, त्यांचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो. श्रावणात, जैन आणि गुजराती गिऱ्हाइकांच्या वस्तीत, तपकिरी त्रिकोणाचं पनीर? काकांनी एका वाक्यात विषय संपवला. "नाव न छापता लावणं मला जमणार नाही, आणि छापून विकलं जाणार नाही." बुरशीपासून बनवलेलं कायटोसान मिळतं, पण त्या भावात २०० ग्रॅमचं पाकीट परवडत नव्हतं. तो रस्ता तिथेच सोडला.

मग पुतण्याने विचारलं, पनीर काढल्यावर जे पाणी उरतं त्याचीच फिल्म का करू नये? त्या पाण्याला व्हे म्हणतात, आणि व्हे प्रथिनांची फिल्म सुरेख होते हे त्याने वाचलेलं, आणि गाळ्यातून तर ते पाणी रोज गटारात जातं. इथे पनीराचीच एक खुबी आड येते. दूध कडक तापवल्याने व्हे प्रथिनं विस्कटून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि पनीरातच उतरतात. पनीराचा उतारा चांगला पडतो तो काही अंशी म्हणूनच. उरलेल्या पाण्यात मुख्यतः लॅक्टोज आणि क्षार असतात, प्रथिन फार थोडं. त्याची फिल्म धरतच नाही. विकतची व्हे प्रथिनं आणून, दहा टक्के द्रावण ९० अंशांवर अर्धा तास तापवून, ग्लिसरॉल घालून फिल्म केली तर ती कोरड्या खोलीत छान निघाली. ग्लिसरॉल नसेल तर ती पापडासारखी तडकते, आणि घातलं की हवेतली ओल ओढते. जुलैतल्या मुंबईत तिचे तुकडे एकमेकांना चिकटले. ओल्या पनीरावर ठेवल्यावर तर ती फुगून लिबलिबीत झाली. गाळ्यातल्या कामगार बाईंनी पाकीट उघडून सांगितलं, "हे तर खराब झालंय." पनीर ताजं होतं, बुळबुळीत होता तो लेप. गिऱ्हाईकही हेच म्हणणार होतं. टिकाऊपणाच्या तक्त्यात हा दोष कुठेच दिसत नाही, पण माल परत येण्याचं कारण म्हणून तो पुरेसा आहे.

शेवटी उरलं अल्जिनेट. समुद्री शेवाळातून मिळणारं, म्हणजे शाकाहारी. सोडियम अल्जिनेटच्या पातळ द्रावणात वडी बुडवायची, निथळू द्यायची, मग कॅल्शियमच्या पाण्यात बुडवायची, की थर जागेवर घट्ट होतो. कॅल्शियम क्लोराइडने किंचित कडवटपणा आला, कॅल्शियम लॅक्टेटने तो गेला. जंतुरोधक म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घेतलं. त्याच्या बाबतीत आम्लता सांभाळावी लागते. सॉर्बेटचं सॉर्बिक आम्ल होतं, आणि त्याचा अविघटित, म्हणजे विद्युतभार नसलेला अखंड रेणूच मुख्यतः पेशीत शिरून काम करतो. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.७६ असताना निम्मे रेणू त्या स्वरूपात असतात. पनीराचा पीएच ५.५ धरला तर हे प्रमाण १५ टक्क्यांवर येतं. म्हणजे घातलेल्या सॉर्बेटपैकी बहुतेक नुसतं बसून राहतं. लेपाला लॅक्टिक आम्लाने थोडं आंबट केलं की वरच्या थरापुरता हा आकडा सुधारतो आणि चव बिघडत नाही. दालचिनी आणि ओव्याचे अर्कही वापरून पाहिले. त्यांतले सिनॅमाल्डिहाइड आणि थायमॉल हे चांगले जंतुरोधक आहेत, पण पनीरातली चरबी असे अर्क स्वतःत ओढून घेते. मग मात्रा वाढवावी लागते आणि पालक पनीराला ओव्याचा वास यायला लागतो. साध्या पनीरासाठी ते बाद झाले.

अल्जिनेटचा लेप दिलेली वडी ४ अंशांच्या कपाटात साध्यापेक्षा जवळजवळ दोन दिवस जास्त चांगली राहिली. बुरशी तर लक्षात येण्याइतकी मागे हटली. तव्यावर थर थोडा वेगळा तांबूस होतो, रश्श्यात कळतही नाही. पुतण्या खूश होता. पण तीच पाकिटं नेहमीच्या दुकानांत ठेवली तेव्हा फरक अर्ध्या दिवसावर आला.

पाकिटांच्या खोक्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवल्यावर उलगडा झाला. दुकानाच्या फ्रिजवर ५ अंश दिसत होतं, पाकिटाजवळ मात्र १२-१३ होतं. दिवसभर काचेचं दार उघडझाप, मागे शीतपेयांच्या बाटल्या खच्चून भरलेल्या. एका दुकानात रात्री आकडा सरळ वर चढत गेला होता. वीजबिल वाचवायला तो दुकानदार फ्रिज बंद करून घरी जायचा.

इथे मी काकांसमोर कागद ओढून हिशेब मांडला. या प्रकरणाचा निकाल त्या हिशेबानेच लागला, म्हणून तो पूर्ण देते. समजा लेपाने सुरुवातीलाच दहापैकी नऊ जंतू मारले. नव्वद टक्के हा शब्द कानाला मोठा वाटतो. पण जंतू दुपटीने वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, म्हणजे तीन दुपटींत आठपट आणि सव्वातीन-साडेतीन दुपटींत दहापट. म्हणून नव्वद टक्के जंतू मारून आपल्याला मिळतात फक्त ३.३ दुपटींचे तास. दुपटीला किती वेळ लागतो ते तापमान ठरवतं. हिशेबापुरतं धरू की ५ अंशांवर सहा तास लागतात. मग वीस तासांचा फायदा झाला. १२ अंशांवर तीन तास धरले तर दहा तास. टेंपोत, ३० अंशांवर, तासाभरात दुप्पट होत असतील तर फक्त सव्वातीन तास. सॉर्बेट पुढेही वाढ मंदावत ठेवतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त मिळतं. पण गणिताचा कल हाच राहतो. लेपाची किंमत तासांत मोजायची तर आधी फ्रिजचं तापमान सांगावं लागतं. गारवा गेला की त्याच्याबरोबर लेपाचा फायदाही आटतो.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही लावता येतो. सुरुवातीची संख्याच शंभरपट कमी केली तर ६.६ दुपटी मिळतात, म्हणजे ५ अंशांवर चाळीस तास. लेपाच्या दुप्पट. ते कुठून मिळणार? थंड पाण्याच्या टाकीतून. दाबलेलं पनीर दोन-तीन तास थंड पाण्यात ठेवतात, त्याने ते घट्ट होतं आणि कापताना चुरा होत नाही. गाळ्यातली टाकी रोज रिकामी होत नव्हती, वरून नुसतं पाणी आणि बर्फ टाकला जायचा. बर्फ कुठला, हे विचारल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तरी घाईच्या दिवशी हाताला येईल तो बर्फ घेतला जात होता. पाण्याचा नमुना तपासला आणि पाकिटांतले तेच जिवाणू त्यात सापडले. पनीर तापून शुद्ध होऊन येत होतं आणि आम्ही त्याला त्या टाकीत पुन्हा लागण करून देत होतो.

काकांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला. "मग व्हॅक्यूम पॅक करू का?" हवा काढली तर स्यूडोमोनास आणि बुरशी दोन्ही मागे पडतात, हे खरं. पण हवा नसताना वाढणारे बीजाणूधारी जिवाणू मोकळे होतात, आणि त्यांतला क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू विष तयार करतो. पनीर इतकं आंबट नसतं की त्याला थोपवेल. १२-१३ अंशांच्या फ्रिजमध्ये मुदत लांबवलेलं व्हॅक्यूम पनीर पाठवायला मी तयार नव्हते. लिस्टेरिया या, गरोदरपणात विशेष घातक ठरणाऱ्या जिवाणूचंही तसंच आहे. तो ४ अंशांवरही हळूहळू वाढतो, आणि वास किंवा बुळबुळीतपणा यांतून काहीच कळत नाही. बिघाड दिसायचे दिवस आपण पुढे ढकलले, तर न दिसणाऱ्या जंतूंना तेवढे दिवस जास्त मिळतात. खाद्य लेपाच्या कौतुकात हे कोणी सांगत नाही, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. गरोदर बाईच्या ताटातही हेच पनीर असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. पनीराला ठरलेलं मानक आहे. पाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त नको, कोरड्या भागात दुधाची चरबी निदान ५० टक्के हवी. अशा पदार्थात काय मिसळता येतं आणि किती, हे परवानगीच्या यादीवर अवलंबून असतं. लेपाला आवरण म्हणून ही यादी टाळता येत नाही. म्हणून साध्या पनीरावर लेप लावून विक्री सुरू करायची नाही, प्रत्येक घटकाची लेखी विचारणा आधी, असं आम्ही ठरवलं.

मग प्रत्यक्षात काय केलं? टाकी रोज रिकामी करून घासायची, उकळून थंड केलेलं पाणी वापरायचं, बर्फ फक्त खाण्यायोग्य आणि तोही बंद पिशवीत, पाण्यात न टाकता भोवती. फडकी उकळायची. पाकीट पनीराला घट्ट बसेल असं बदललं. जो दुकानदार रात्री फ्रिज बंद करतो त्याला माल रोजचा रोज, थोडा, आणि उरलेला सकाळी परत. पावसाळ्यात मुदत सातऐवजी पाच दिवस छापायची. या शेवटच्या मुद्द्यावर काकांशी बराच वेळ बोलावं लागलं. शेजारच्या कंपनीच्या पाकिटावर जास्त दिवस दिसतात, आपलं कोण घेणार, असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांनी ते मान्य केलं. परत येणारा माल कमी झाला, आणि लेपाशिवाय कमी झाला.

पुतण्याचा चेहरा पडला होता, ते मला बघवलं नाही. कारण त्याचं काम वाया गेलेलं नाही. गाळ्यात टिक्क्यासाठी दह्या-मसाल्यात मुरवलेल्या पनीर चौकोनांचं नवं पाकीट सुरू करायचं चाललं आहे. दीड सेंटिमीटरचे चौकोन केले की तेवढ्याच वजनाला पृष्ठभाग वडीच्या साडेतीनपट होतो, म्हणजे पृष्ठभागावरचा उपाय तिथे जास्त महत्त्वाचा. दह्यामुळे वरचा पीएच ४.५ च्या आसपास येतो, आणि त्या पीएचला सॉर्बेटचे जवळजवळ ६५ टक्के रेणू कामाच्या स्वरूपात असतात. आंबट मसाल्यात बिघाड बहुतेक यीस्ट आणि बुरशीचा होतो, सॉर्बेटचं मुख्य काम तेच. मसाला एरवी चौकोनांवरून निथळून पाकिटाच्या तळाशी साचतो, तो अल्जिनेटने चौकोनाला धरून राहतो. आणि पालक पनीरात नकोसा झालेला ओवा टिक्क्यात हवाच असतो.

पुतण्याने त्या चौकोनांवर नव्याने चाचण्या मांडल्या आहेत, यावेळी सरळ पनीरावर आणि १२ अंशांच्या कपाटात. घटकांच्या परवानगीसाठी अर्ज तयार आहे. उत्तर येईपर्यंत पाकीट बाजारात जाणार नाही, असं काकांनी स्वतःच सांगितलं.